बीसीएम बदलायला सांगितलेली गाडी: दुरुस्तीच्या नोंदी

७ जुलै २०२४, सावर्डे

गाडी ताईची. २०१३ ची डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली, इंजिन एकदम ठणठणीत. तक्रारी सगळ्या इलेक्ट्रिकच्या आहेत. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. किल्लीचं बटण दाबलं की लॉक होतं आणि लगेच अनलॉक होतं. लॉक करताना कधीकधी वायपर आपोआप एक फेरी मारतो, आणि रात्री कुणी हातही लावलेला नसताना लॉक वाजतं. भावोजी म्हणाले, "अरे, रात्री दोन वाजता खटखट सुरू झालं की समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागतो, सगळी वाडी जागी होते." केबिन लाइट मधेच पेटायचा म्हणून त्यांनी त्याचं बटणच ऑफ करून ठेवलंय.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बीसीएम उडालाय असं सांगितलं. नवीन मॉड्यूल, कोडिंग आणि मजुरी मिळून साडेअठरा हजार. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, लॉक, इंडिकेटर, वायपर, केबिन लाइट, हॉर्न वगैरे इंजिन सोडून जे काही आहे ते सांभाळणारा डबा. या गाडीत तो डाव्या बाजूला ग्लोव्हबॉक्सच्या मागे आहे.

माझं रोजचं काम इन्व्हर्टर आणि यूपीएसच्या बोर्डांचं, त्यामुळे बोर्ड उघडायची भीती नाही, पण बोर्ड बदलायच्या आधी त्याला सप्लाय आणि अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) नीट मिळतोय का ते बघायचं ही सवय आहे. गॅरेजमध्ये ते कुणी बघितलेलं नव्हतं. अशीच लक्षणं असलेल्या गाड्या कोकणात पुष्कळ आहेत, म्हणून केलं ते तारखेनं लिहून ठेवतोय.

चिपळूणच्या आसपास गाडीच्या वायरिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पुरातली आहे का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते इथे सगळ्यांनी बघितलंय. ही त्यातली नाही, तेव्हाही ती सावर्ड्यातच, घरामागच्या आंब्याखाली उभी होती. हा आंबा लक्षात ठेवा.

आज फक्त बॅटरी बघितली. ११.४ व्होल्ट, म्हणजे पार उतरलेली. चार्जरला लावून ठेवली.

८ जुलै

चार्ज करून रात्रभर मोकळी ठेवलेली बॅटरी सकाळी १२.५ वर होती. स्टार्टर मारताना १०.१ पर्यंत खाली आली, गाडी सुरू झाल्यावर १४.२. स्टार्टरच्या वेळी साडेनऊच्या खाली गेली असती तर मी आधी बॅटरीवर संशय घेतला असता. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक, कुणीतरी रात्री करंट खातंय.

हे आधी करायचं कारण, दहा-अकरा व्होल्टवर आलेली गाडी वाट्टेल ते एरर कोड दाखवते, आणि त्या कोडवर विश्वास ठेवून पार्ट बदलले तर पैसे गेले.

९ जुलै

ड्रेन, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट, मोजला. मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बॅटरीच्या मायनस टर्मिनलच्या मधे सिरीजमध्ये. बॉनेट उघडं ठेवावं लागतं, आणि दरवाजा उघडा ठेवून काम करायचं असेल तर लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून ते बंद करायचं म्हणजे गाडीला दरवाजा बंद आहे असं वाटतं. एक गोष्ट फार महत्त्वाची, मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करायचं नाही, स्टार्टर तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज जातो.

जोडल्या जोडल्या दोन अँपिअरच्या जवळपास, मग ०.३८ वर आलं. इथे थांबून चहा प्यायचा. मॉड्यूल झोपायला वेळ घेतात, काही गाड्यांत अर्धा-पाऊण तास लागतो, त्याआधीचं रीडिंग काही सांगत नाही. पण इथे अर्ध्या तासाने २८ मिलिअँपिअर झालं, खूश झालो, आणि बघता बघता परत ०.३८. परत खाली. परत वर. कुणी हात न लावता.

चांगल्या गाडीचा ड्रेन साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, म्हणजे २८ उत्तमच. पण ०.३८ अँपिअर दिवसभर चाललं तर नऊ अँपिअर-अवर जातात, बॅटरी ५० ची, तीन-चार दिवसांत स्टार्टर फिरवायची ताकद संपते. तक्रारीशी तंतोतंत जुळलं. आणि हे वर-खाली होणं मला जास्त बोललं. शॉर्ट असता तर आकडा एका जागी राहिला असता. हे झोपलेल्या मॉड्यूलला कुणीतरी सारखं उठवतंय.

कुठल्या सर्किटमधून जातंय ते बघायला फ्यूज उपटत बसू नका, उपटून परत लावला की सगळी मॉड्यूल जागी होतात आणि परत अर्धा तास थांबा. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवायचे. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण ७-८ मिलिओहम असतो, म्हणजे करंट जात असेल तर दोन-तीन मिलिव्होल्ट दिसतात, जात नसेल तर शून्य. बीसीएमच्या फ्यूजवर दिसलं, डॅशबोर्डवरच्या मीटर क्लस्टरच्या फ्यूजवर थोडं, बाकी सगळीकडे शून्य.

११ जुलै

माझ्याकडचं निळं ब्लूटूथ अडॅप्टर लावलं, ते फक्त इंजिनशी बोलतं, बीसीएमपर्यंत जात नाही. घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या. ओळखीच्या मिस्त्रींकडून मल्टिब्रँड स्कॅनर संध्याकाळपुरता भाड्याने आणला, ३०० रुपये.

इंजिनच्या मॉड्यूलमध्ये यू०१४० हा एरर कोड साठलेला, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. बीसीएममध्ये लो व्होल्टेजचा कोड. गॅरेजवाल्यांनी बहुतेक हाच यू०१४० बघून निकाल दिला असणार. पण संपर्क तुटला याचा अर्थ एवढाच की बाकीच्यांना काही क्षण बीसीएमचा आवाज आला नाही. तो मेला असेल, त्याची वायर तुटली असेल, नाहीतर त्याचा सप्लाय क्षणभर गेला असेल. कोडवरून यातलं कुठलं ते कळत नाही.

म्हणून कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी बघितल्या. बॅटरीचं मायनस काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजायचे. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. आले ६०.८. १२० आले असते तर एक टोक तुटलेलं, शून्याजवळ आले असते तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. बॅटरी लावून, इग्निशन चालू करून ६ वर अडीचच्या जरा वर, १४ वर अडीचच्या जरा खाली. कॅन ठीक.

मग लाइव्ह डेटा. इथे खरी मजा आली. सगळे दरवाजे बंद, मी आत बसलेलो, आणि स्क्रीनवर 'ड्रायव्हर डोअर' ओपन-क्लोज-ओपन-क्लोज होतंय. दरवाजावर आतून गुडघा टेकवला की थांबायचं. बीसीएमला वाटतंय कुणीतरी दरवाजा सारखा उघडतंय, मग तो बिचारा झोपणार कसा? तो त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागत होता.

१४ जुलै

रविवार, पाऊस जरा उघडलेला. या गाडीत दरवाजाचा स्विच पिलरवर नाही, लॅचच्या आतच आहे, त्यामुळे त्याची वायर दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी बूटमधून (वायरींवरच्या लवचिक नळीतून) जाते. ड्रायव्हरचा दरवाजा अकरा वर्षं दिवसातून किती वेळा उघडला-मिटला असेल. बूट दोन्ही बाजूंनी सोडवून मागे सरकवला. वरून वायरी छान दिसत होत्या. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणली, तर तीन वायरी च्युइंगमसारख्या लांबल्या. आतलं तांबं तुटलंय, वरचं प्लास्टिक फक्त शिल्लक. एकीचं प्लास्टिक ब्लेडनं चिरलं, आत काळपट हिरवी पूड आणि दोन-तीन तंतू एकमेकांना टेकलेले, दरवाजा हलला की सुटायचे.

यातली एक दरवाजाच्या स्विचची, एक लॉकच्या मोटरची, एक आरशाची.

जोड कसा द्यायचा यावर जरा लिहितो, कारण इथेच काम सहा महिन्यांत परत येतं. तुटलं तिथेच सोल्डर करून टेप गुंडाळायची नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते, आणि बूटमध्ये ती रोज वाकते, त्याच कडेला परत तुटते. मी तीनही वायरींचा बूटमधला पूर्ण तुकडा काढून टाकला, बारीक तंतूंची मऊ वायर घातली, आणि जोड दोन्ही बाजूंना बूटच्या बाहेर घेतले, एक दरवाजाच्या आत आणि एक डॅशबोर्डच्या बाजूला, जिथे काही वाकत नाही. जोड एकाच ओळीत न घेता मागेपुढे घेतले म्हणजे बूट परत बसताना गाठ होत नाही. क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). वायर, क्रिंप आणि श्रिंक मिळून २४० रुपये.

अर्धा दिवस गेला, त्यातला बराचसा वेळ बूट परत भोकात बसवण्यात. हेअर ड्रायरनं गरम केला की बसतो.

१६ जुलै

ड्रेन: २६ मिलिअँपिअर, रात्रभर तसाच. बॅटरीचं दुखणं गेलं. केबिन लाइट नीट लागतो, नीट विझतो.

पण लॉक होऊन लगेच अनलॉक होणं तसंच आहे, वायपरही हलतो. म्हणजे दोन वेगळे फॉल्ट एकाच गाडीत. वायरिंगच्या कामात हे फार होतं, पहिला सापडला की बाकी सगळं त्याच्याच खात्यावर टाकून मोकळं व्हायचा मोह होतो.

१८ जुलै

भावोजींचा भाचा मुंबईहून येणार होता, त्याला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना बीसीएम आणायला सांगितलेलं. ३,२०० रुपये. लेबल बघितलं तर पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं. ते अक्षर महत्त्वाचं असतं, वरच्या मॉडेलचं मॉड्यूल आणि खालच्या मॉडेलचं मॉड्यूल बाहेरून सारखंच दिसतं, आतल्या काही ड्रायव्हर चिपा बसवलेल्याच नसतात.

तरी लावून बघितला. इंजिन सुरू होत नाही, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) लाइट लुकलुकतेय. चावीची ओळख या गाडीत बीसीएममध्ये असते, दुसऱ्या गाडीचा बीसीएम ही चावी ओळखणारच नाही. मागचा वायपर बंद. परत करायची सोय नाही, विकणाऱ्यानं आधीच सांगितलेलं. हे ३,२०० रुपये या कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि तो टाळता आला असता, पुढची नोंद आधी केली असती तर.

मात्र एक कामाचं कळलं. दरवाजाच्या आतलं लॉकचं बटण दाबलं तर या दुसऱ्या बीसीएमवरही लॉक होऊन लगेच अनलॉक, आणि पुढचा वायपर हलला. डबा बदलला आणि फॉल्ट तोच राहिला. म्हणजे फॉल्ट डब्यात नाही, वायरिंगमध्ये आहे. साडेअठरा हजार भरून नवीन बसवला असता तरी हेच झालं असतं.

२१ जुलै

कालपासून मुसळधार. काल रात्री लॉक परत आपोआप वाजलं, भावोजींचा फोन आला. मधे काही दिवस ते बंद होतं, कोरडे दिवस होते ते. पाऊस आणि आवाज यांचा संबंध लक्षात आला म्हणून आज डावीकडचं सगळं खोललं.

खोलायच्या आधी: बॅटरीचं मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा. ग्लोव्हबॉक्सच्या वर पॅसेंजर एअरबॅग आहे. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, मीटर तर मुळीच नाही.

पायाखालचं कार्पेट वरून कोरडं. खालचा फोम दाबला तर पाणी वर आलं. डावीकडचं किक पॅनल (पायाजवळचं बाजूचं झाकण) काढलं, पिलरच्या तळाशी बीसीएमचा अर्थ जिथे बॉडीला बोल्टनं बसवलाय तिथे गंजाचा पोपडा, चार रिंग टर्मिनल एकावर एक आणि मधे तांबडी माती.

आता हे मीटरनं कसं दिसतं ते बघा. बीसीएमचा कनेक्टर काढला, त्यातल्या अर्थच्या पिनपासून सुटलेल्या मायनस केबलच्या टोकापर्यंत ओहम मोजले: ०.८. त्यातले ०.२ मीटरच्या स्वतःच्या वायरींचे. कुणीही म्हणेल एक ओहमपेक्षा कमी, झकास अर्थ आहे. मायनस परत जोडलं आणि बीसीएम जागेवर लावून, काहीच चालू नसताना, त्याच अर्थच्या वायरवर व्होल्ट मोजले तर ०.०२. तेही झकास.

मग लोड देऊन मोजलं. कनेक्टर परत काढला, २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक बीसीएमच्या अर्थच्या पिनला, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट त्या गंजलेल्या बोल्टमधून जायला लागला. आता त्या पिनपासून बॅटरी मायनसपर्यंत मीटर धरला: १.०५ व्होल्ट. ०.१ च्या आत असायला हवं होतं.

बल्बला एक व्होल्ट कमी मिळाला तर तो जरा मंद लागतो, एवढंच. पण सेंट्रल लॉकच्या मोटरींचा करंट बीसीएममधल्या रिलेंमधून फिरून बीसीएमच्याच अर्थनं परत जातो, आणि चार मोटरी एकदम ओढतात तेव्हा तो दहा अँपिअरच्या पुढे सहज जातो. ०.६ ओहमवर त्याचं काय होणार? बीसीएमच्या पायाखालची जमीनच पाच-सहा व्होल्टनं वर उचलली जाते, प्रोसेसर रीसेट होतो. उठताना परत पहिल्यापासून सुरुवात, त्यात लॉक उघडतं. वायपरचा उलगडाही झाला, बीसीएम परत लावून लॉकचं बटण दाबताना वायपरच्या रिलेवर बोट ठेवलं तर रीसेटच्या क्षणी तो एकदा ओढला जात होता. यू०१४० पण इथूनच, रीसेट होत असताना तो बाकीच्यांशी बोलत नाही.

लॉकचा झटका एका सेकंदापेक्षाही कमी असतो, साध्या मीटरला तो दिसत नाही. मिन-मॅक्स असलेला मीटर असेल तर वापरा, नसेल तर हा बल्ब पुरतो, तो सतत लोड देतो.

बोल्ट काढला, चारही रिंगा आणि बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारला, एक रिंग खाल्ली गेलेली होती ती नवीन क्रिंप केली. स्टार वॉशर घालून घट्ट, आणि घट्ट केल्यानंतर वरून व्हॅसलिन. परत तोच बल्ब: ०.०४ व्होल्ट. लॉक केलं, लॉक राहिलं. वायपर जागचा हलला नाही. ताई खिडकीतून बघत होती, तिनेच किल्ली घेऊन परत परत दाबून बघितलं.

२४ जुलै

रात्रीचं आपोआप वाजणं मात्र आहेच. ओल्या हवेत जास्त. आता बीसीएम उघडायला कारण आहे.

खोक्याच्या सांध्याला आधी कुणीतरी सिलिकॉन भरलेलं, व्हिनेगरचा वास येतो ते. हे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, तांब्याच्या जवळ ते कधीच वापरू नये, आणि इथे तर त्यानं आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाटही बंद केली. आत कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी पांढरट-हिरवा क्षार, बोर्डावर पाण्याची रेघ उमटलेली. बाकी दोन तृतीयांश बोर्ड नव्यासारखा.

साफ करायच्या आधी ईप्रॉमचा (माहिती साठवणाऱ्या मेमरी चिपचा) बॅकअप. आठ पायांची २४ सिरीजची चिप. क्लिप लावून बोर्डावरच वाचायचा प्रयत्न केला तर दर वेळी वेगळा डेटा येत होता, क्लिपमधून बोर्डाच्या प्रोसेसरलाही सप्लाय जातो आणि तोही चिपशी बोलायला लागतो. हॉट एअरनं चिप काढली, प्रोग्रामरवर वाचली, परत वाचली, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तेव्हाच पुढे गेलो. चावीची आणि कोडिंगची माहिती यात आहे, ही फाइल असेल तर उद्या बोर्ड मेला तरी त्याच पार्ट नंबरच्या जुन्या बोर्डात ती टाकून बघता येते, नसेल तर कोडिंगवाल्यांच्या दारात.

मग अनलॉकच्या इनपुट पिनचं माप. या गाडीत अनलॉकचा स्विच दाबला की ती पिन अर्थ होते. शेजारची तशीच दुसरी इनपुट पिन अर्थशी मोजली, ४० किलोओहमच्या वर. अनलॉकची पिन ३ किलोओहम, आणि तोंडानं नुसती वाफ सोडली की आकडा अजून खाली. हेच रात्रीचं लॉक. दव पडलं, ओल आली, क्षारातून करंट गेला, बीसीएमला वाटलं कुणीतरी बटण दाबलं. एकटं माप कधी काही सांगत नाही, शेजारच्या चांगल्या पिनशी तुलना केली की सांगतं.

९९ टक्केवाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मऊ टूथब्रश. घासायचं, धुवायचं, टिश्यूनं टिपायचं, परत. कनेक्टरच्या खालचा क्षार नुसत्या ब्रशनं निघत नाही, तिथे आयपीए भरून तसंच ठेवावं लागतं. दोन पिनांच्या सोल्डरला गोल तडे गेलेले, ते फ्लक्स लावून परत वितळवले. कनेक्टरचीही एक पिन हिरवी होऊन बारीक झालेली, तशीच पिन कुर्ल्याच्या मॉड्यूलबरोबर आलेल्या कापलेल्या कनेक्टरमधून काढून घातली, तेवढा तरी त्याचा उपयोग झाला. गरम हवेखाली, हात सहन करेल एवढ्याच गरम, संध्याकाळपर्यंत वाळवला. परत मोजलं, दोन्ही इनपुट सारखे.

चिप परत लावली. कनेक्टर आतून-बाहेरून मास्किंग टेपनं झाकून ॲक्रिलिक कोटिंगचा पातळ हात, वाळल्यावर अजून एक. आयपीए ३५० रुपये, कोटिंग ६२०. सांध्याला यावेळी काही भरलं नाही, खोकं बसवताना कनेक्टर खालच्या बाजूला येतील आणि वायरींना बीसीएमच्या आधी खाली झोळ असेल असं बघितलं, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातच गळून पडतं, कनेक्टरपर्यंत येत नाही.

२८ जुलै

पाणी मुळात येतं कुठून ते बंद केल्याशिवाय वरचं सगळं एका पावसाळ्यापुरतं.

शोधायची पद्धत: एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर मग घेऊन. पाणी खालून वर न्यायचं. आधी दरवाजाच्या खालचा भाग, मग दरवाजाची कड, मग काचेची खालची कड, शेवटी छप्पर. वरून पाइप सोडला तर सगळीकडूनच ओघळतं आणि काही समजत नाही. भावोजी बाहेर, मी आत. दरवाजा कोरडा. काचेच्या खालच्या प्लास्टिकच्या जाळीवर, डाव्या कोपऱ्यात पाणी ओतलं, आणि थोड्या वेळानं वायरिंग जिथून इंजिनकडून आत येतं त्या रबरी ग्रोमेटच्या कडेनं एक धार, थेट बीसीएमच्या वायरींच्या जुडग्यावर.

जाळी काढली. खाली आंब्याची पानं, मोहोराचा चुरा, त्याचा काळा लगदा, आणि निचऱ्याचं भोक पूर्ण बुजलेलं. पाणी तुंबून ग्रोमेटच्या वर चढत होतं. लगदा हातानं काढला, पाण्यानं भोक मोकळं केलं. ग्रोमेट एका बाजूनं चिरलाय, तूर्त न्यूट्रल क्युअर (अ‍ॅसिड न सोडणारं) सिलिकॉन लावलंय, घरी ट्यूब होती ती.

झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांनी पावसाच्या आधी ही जाळी काढून बघा. पाच-सहा क्लिप असतात, वायपरचे हात काढावे लागतात, एवढंच काम.

४ ऑगस्ट

आठवडाभर चांगला पाऊस झाला. रात्री एकदाही लॉक वाजलेलं नाही. ड्रेन २६ मिलिअँपिअर. स्कॅनर परत लावला, मिस्त्रींनी यावेळी पैसे घेतले नाहीत, त्यांनाच बघायचं होतं. यू०१४० परत आलेला नाही.

डावा इंडिकेटर भराभर लुकलुकतो ही तक्रार मधेच कळली. कुणीतरी मागे एलईडी बल्ब घातलेला. बीसीएम बल्बचा करंट बघतो, एलईडी फार कमी घेतो म्हणून बल्ब गेलाय असं समजून तो वेग वाढवतो. दोन्ही बाजूंना साधे २१ वॉटचे घातले, ४० रुपये. झालं.

बॅटरी काढून लावल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीचं ऑटो बंद पडलेलं, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की परत शिकतं.

खर्च: स्कॅनर ३००, कुर्ल्याचं मॉड्यूल ३,२००, दरवाजाचं वायरिंग २४०, आयपीए ३५०, कोटिंग ६२०, बल्ब ४०, नवीन ग्रोमेट १८०. एकूण ४,९३०. मॉड्यूल वगळलं तर १,७३०. वेळ बघायला गेलात तर जवळजवळ महिना, पण त्यातला बराचसा पावसाची वाट बघण्यात आणि फोम वाळवण्यात गेला.

बाकी राहिलंय ते: ग्रोमेट ऑर्डर केलाय, आला की सिलिकॉन खरवडून तो बसवायचा. कार्पेटचा फोम काढून पंख्याखाली ठेवलाय, अजून आतून ओला आहे, तोपर्यंत गाडी डावीकडे उघड्या पत्र्यावर चाललीय. गणपतीत बोल्टवरचा व्होल्टेज ड्रॉप परत त्याच बल्बनं मोजणार, ०.०४ चा आकडा वाढलेला दिसला तर अर्थची एक जाड वायर वेगळी ओढून वर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कोरड्या बोल्टवर नेणार.